शुक्राणू वाढवणाऱ्या गोळ्या: आधी लेबलांची बेरीज करा

प्रश्न: नमस्कार. माझं वय 36, बायकोचं 35. चौदा महिने झाले, आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. तिच्या प्राथमिक तपासण्या नॉर्मल आल्या. माझ्या वीर्यतपासणीत मात्र गडबड निघाली: एकूण वीर्य 2.1 मिलि, एका मिलिलिटरमध्ये 90 लाख शुक्राणू, पुढे सरकणारे 21 टक्के, योग्य आकाराचे 3 टक्के. नमुना चांगला यावा म्हणून मी 10 दिवस संबंध टाळले होते. त्याच्या पाच आठवडे आधी मला चार दिवस 103 पर्यंत ताप होता. रिपोर्ट पाहून घाबरलो आणि गोळ्या सुरू केल्या: 'पुरुष प्रजननासाठी' अशी मिश्र कॅप्सूल दिवसातून दोनदा, झिंकची 50 मिग्रॅची गोळी, व्हिटॅमिन ई 400 युनिट आणि सेलेनियम 200 मायक्रोग्रॅम अशी एकत्र कॅप्सूल. केसांसाठी बायोटिन 10 मिग्रॅ आधीपासून घेतोय. जिममधल्या मित्राने दिलेली टेस्टोस्टेरॉन वाढवणारी पावडरही वर्षभर चालू आहे. सहा आठवडे झाले, सकाळी मळमळतं. यातलं काय चालू ठेवू, किती दिवस, आणि पुन्हा तपासणी कधी करू?

उत्तर: नमस्कार. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पावडर आजच बंद करा. झिंकची वेगळी गोळी, ई-सेलेनियमची कॅप्सूल आणि बायोटिनही थांबवा. मिश्र कॅप्सूल निदान पुढच्या तपासणीपर्यंत बाजूला ठेवा. सगळंच बंद करायला सांगतोय म्हणून धास्तावू नका. यातलं काही पुढे परत सुरू करता येईल, पण कशासाठी घ्यायचं हे ठरल्यावर.

तुमच्या मिश्र कॅप्सूलचं लेबल तुम्ही पत्रासोबत उतरवून पाठवलंत, फार बरं केलंत. एका कॅप्सूलमध्ये झिंक 15 मिग्रॅ, सेलेनियम 75 मायक्रोग्रॅम, कोएन्झाइम क्यू10 50 मिग्रॅ, एल-कार्निटीन 250 मिग्रॅ, फॉलिक ॲसिड 500 मायक्रोग्रॅम. दिवसाला दोन घेता. आता बेरीज करू. झिंक 30 आणि वरून वेगळ्या गोळीचं 50, म्हणजे रोज 80 मिग्रॅ. प्रौढ पुरुषाची रोजची गरज साधारण 11 मिग्रॅ आणि दीर्घकाळ घेण्याची वरची मर्यादा 40. तुम्ही दुपटीवर आहात, आणि सकाळच्या मळमळीचं सर्वात संभाव्य कारण हेच. मळमळ त्रासदायक असली तरी खरी काळजी तिची नाही. जास्तीचं झिंक आतड्यातून तांबं शोषू देत नाही. हे महिनोन्महिने चाललं की तांब्याची कमतरता होते, रक्त आणि पांढऱ्या पेशी कमी होतात, पायांना मुंग्या येऊ लागतात. लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणाऱ्या रक्तक्षयाच्या मुळाशी कधी कधी झिंकची गोळी असते, आणि ती चालू आहे हे डॉक्टरांना कोणी सांगितलेलंच नसतं.

सेलेनियमचंही तेच: 150 अधिक 200, म्हणजे 350 मायक्रोग्रॅम. गरज 55 ची. अमेरिकेत वरची मर्यादा 400 मानतात, युरोपने 2023 मध्ये ती 255 वर आणली. जास्त झालं की नखं ठिसूळ होतात, केस गळतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. केसांसाठी बायोटिन आणि सोबत केस गळवणारं सेलेनियम, असं तुमच्याकडे चाललंय.

आता त्याच लेबलाची दुसरी बाजू. ज्या दोन घटकांबद्दल थोडीफार आशा आहे ते तुमच्या पोटात अगदी कमी जातात. कोएन्झाइम क्यू10 तुम्हाला दिवसाला 100 मिग्रॅ मिळतं, अभ्यासांमध्ये बहुधा 200 ते 300 दिलं जातं. एल-कार्निटीन 500 मिग्रॅ मिळतं, अभ्यासांमध्ये 2 ते 3 ग्रॅम. बऱ्याच मिश्र कॅप्सूलचा हाच दोष असतो. लेबलावर दहा-बारा नावं, स्वस्त घटक भरपूर, महागडे चिमूटभर. काही डब्यांवर तर सगळ्यांचं मिळून एकच वजन छापलेलं असतं आणि आत काय किती ते कळतच नाही. असा डबा घेऊच नका.

लेबल वाचताना आणखी एक चूक होते. झिंक सल्फेट 220 मिग्रॅ असं लिहिलेलं असेल तर त्यात प्रत्यक्ष झिंक 50 मिग्रॅच असतं, बाकीचं वजन क्षाराचं. 'एलिमेंटल' म्हणजे मूळ धातूचा आकडा शोधा आणि बेरीज त्याचीच करा. माशाच्या तेलाचंही तसंच. 1000 मिग्रॅच्या साध्या कॅप्सूलमध्ये कामाची ओमेगा-3 स्निग्धाम्लं, म्हणजे ईपीए 180 आणि डीएचए 120, एवढीच असतात, बाकी नुसतं तेल.

पावडरबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातली आम्हाला सर्वात खटकलेली गोष्ट तीच आहे. टेस्टोस्टेरॉन वाढलं की शुक्राणू वाढतील, असं कुणालाही वाटेल. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने होतं नेमकं उलटं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडून वृषणांना काम सांगत असते. रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन आलं की ती ग्रंथी समजते, पुरेसं आहे, आणि दोन्ही संप्रेरकं थांबवते. मग वृषण स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवत नाही. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत ते रक्ताच्या कित्येक पट लागतं, तेही घसरतं. परिणामी दंड पिळदार, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उंच आणि वीर्यात शुक्राणू जवळजवळ नाहीत. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉनच्या साप्ताहिक इंजेक्शनांची चाचणी झाली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांत शून्यावर आले.

तुमच्या पावडरीत हे आहेच असं आम्ही म्हणत नाही. अशा बऱ्याच पावडरींमध्ये फक्त वनस्पतींचे अर्क आणि झिंक असतं. पण स्नायू वाढवणाऱ्या उत्पादनांत लेबलावर न लिहिलेली ॲनाबॉलिक स्टेरॉइडं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी औषधं, सापडल्याचे इशारे औषध नियामकांनी वारंवार दिले आहेत. मित्राने हातात दिलेल्या डब्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. शिवाय क्रम पाहा: तुमच्या बाकी गोळ्या रिपोर्टनंतरच्या आहेत, पावडर मात्र त्याआधीपासून चालू होती. डबा फेकू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. बंद केल्यावर काही आठवडे गळून गेल्यासारखं वाटलं, इच्छा कमी झाली, मन उदास झालं, तर तेही त्यांना सांगा. आत स्टेरॉइड होतं याची ती एक खूण आहे. तसं असलं तर शुक्राणू पूर्ववत व्हायला सहसा सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहूनही जास्त. त्यावर औषधं आहेत, पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची.

रिपोर्ट पाहून तुम्ही घाबरलात. घाबरण्याआधी तो नमुना कसा दिला गेला ते पाहायला हवं होतं. शुक्राणू पेशीपासून पूर्ण तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, पुढे नळ्यांमधून प्रवास आणि परिपक्वता धरून तीन महिने. म्हणजे आजच्या रिपोर्टमध्ये गेल्या तीन महिन्यांची नोंद असते. चार दिवसांचा 103 ताप त्या काळात घडत असलेल्या शुक्राणूंना भाजून काढतो, आणि त्याचा फटका तापानंतर काही आठवड्यांनी दिसतो. तुम्ही नमुना दिलात पाचव्या आठवड्यात, अगदी वाईट वेळी. त्यात 10 दिवसांचा खंड. खंड जास्त ठेवला की संख्या आणि वीर्याचं प्रमाण थोडं वाढतं, पण जुने शुक्राणू साठून राहतात, हालचाल मंदावते, डीएनए तुटण्याचं प्रमाण वाढतं. खंड 2 ते 7 दिवसांचाच हवा. आम्ही 3 दिवस सुचवतो, आणि दर वेळी तेवढाच, म्हणजे दोन रिपोर्टची तुलना खरी होईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा अशा आहेत: प्रमाण 1.4 मिलि, मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख, एकूण 3 कोटी 90 लाख, पुढे सरकणारे 30 टक्के, योग्य आकाराचे 4 टक्के. वर्षभरात ज्यांना गर्भधारणा झाली अशा जोडप्यांतल्या पुरुषांवरून हे आकडे काढलेत आणि त्या बापांपैकीही 5 टक्के या रेषेच्या खालीच होते. तेव्हा रेषेखाली म्हणजे मूल होणार नाही, असं नाही. तुमचे एकूण 1 कोटी 89 लाख होतात, म्हणजे निम्म्याच्या आसपास. कमी आहेत हे खरं, पण एका बिघडलेल्या नमुन्यावर निदान करायचं नसतं.

ताप येऊन आता अकरा आठवडे झाले. अजून दोन-तीन आठवडे थांबा, मग 3 दिवसांच्या खंडानंतर दुसरा नमुना द्या. शक्यतो प्रयोगशाळेतच द्या. घरून नेणार असाल तर डबी अंगालगत ठेवून अर्ध्या-पाऊण तासात पोचवा. सुरुवातीचा भाग सांडला असेल तर तसं लिहून द्या, कारण सर्वाधिक शुक्राणू त्याच भागात असतात. कुठलंही वंगण किंवा थुंकी वापरू नका, दोन्हींनी शुक्राणूंची हालचाल मंदावते.

त्याच सुमारास सकाळी, उपाशीपोटी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच तपासून घ्या. इथे बायोटिन आडवं येतं. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांमध्ये बायोटिनवरच आधारलेली पद्धत असते. रक्तात ते जास्त असेल तर एलएच आणि एफएसएच खोटे कमी दिसतात आणि टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त. म्हणजे स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाचा रिपोर्ट जसा येतो, तसाच. तुमच्या बाबतीत पावडरही आहे, त्यामुळे डॉक्टरांची पूर्ण दिशाभूल होईल. रक्त देण्याआधी बायोटिन बंद होऊन निदान तीन दिवस झालेले हवेत, आणि ते घेत होतात हे प्रयोगशाळेला सांगा. थायरॉइडच्या तपासणीलाही हेच लागू.

तिसरी गोष्ट कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही, ती म्हणजे हाताने केलेली तपासणी. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, सर्वसाधारण पुरुषांत सुमारे 15 टक्क्यांना आणि मूल होण्यात अडचण असलेल्यांत 35 ते 40 टक्क्यांना असतं. बहुधा डाव्या बाजूला. रुग्णाला उभं करून, जोर लावायला सांगून ते चाचपतात, झोपवून तपासलं तर निसटतं. हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट अशी जोडी असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने फरक पडू शकतो. फुगलेली शीर कुठल्याही कॅप्सूलने आत जात नाही. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा अँड्रॉलॉजिस्ट, म्हणजे पुरुष प्रजननाचा तज्ज्ञ, यांच्याकडे जा आणि चालू असलेली सगळी औषधं सांगा. केसांसाठीचं फिनास्टेराइड, आतड्याच्या सुजेवरचं सल्फासलाझिन यांनीही वीर्य बिघडतं. ती स्वतःहून मात्र बंद करू नका, पर्याय डॉक्टर देतील.

गोळ्यांमागे पुरावा किती, हेही स्पष्ट सांगतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या 2,370 जोडप्यांवरचा अभ्यास आला. पुरुषांना सहा महिने रोज 30 मिग्रॅ झिंक आणि 5 मिग्रॅ फॉलिक ॲसिड दिलं, दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. मूल झालं औषधाच्या गटात 34 टक्क्यांना, दुसऱ्या गटात 35. वीर्यात सुधारणा नाही. डीएनए तुटण्याचं प्रमाण औषधाच्या गटात उलट थोडं जास्त, पोटाच्या तक्रारीही जास्त. त्याच वर्षी रिपोर्ट बिघडलेल्या 171 पुरुषांवर सी, ई, सेलेनियम, कार्निटीन, झिंक, फॉलिक ॲसिड, लायकोपीन अशा मिश्रणाचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनी वीर्यात सुधारणा दिसली नाही. व्हिटॅमिन ई बद्दल आणखी एक इशारा: पन्नाशीपुढच्या 35 हजारांहून जास्त पुरुषांवरच्या अमेरिकी अभ्यासात रोज 400 युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला. तुमची कॅप्सूल तेवढ्याच मात्रेची आहे.

दुसऱ्या बाजूने, 2022 मध्ये वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 90 अभ्यास एकत्र तपासले. अँटिऑक्सिडंटनी, म्हणजे सी, ई, सेलेनियम अशा ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या घटकांनी, मूल होण्याची शक्यता वाढत असावी, पण पुरावा कच्चा, असं त्यांचं मत पडलं. सदोष अभ्यास वगळल्यावर तर फायदा उरला नाही. 'शून्य उपयोग' असं म्हणवत नाही, आणि 'घ्याच' असंही म्हणवत नाही, अशी ही अवस्था आहे.

जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त चांगलं, हे इथे का चालत नाही तेही पाहा. ऑक्सिडीकरण अति झालं की शुक्राणूचं आवरण आणि डीएनए खराब होतं, हे बरोबर. पण थोडं ऑक्सिडीकरण त्याला लागतंच. डोक्यातला डीएनए घट्ट आवळून ठेवणारे गंधकाचे बंध त्यातूनच बनतात, आणि बीजांडात शिरण्याआधीची तयारीही त्यावरच चालते. मात्रेबाहेर सी, ई, सेलेनियम ओतलं तर ती प्रक्रियाही दबते.

एवढं सगळं होऊन, दुसऱ्या रिपोर्टमध्येही हालचाल कमीच निघाली आणि कारण सापडलं नाही, तर एक घटक पूर्ण मात्रेत घेऊन पाहायला आमची हरकत नाही. आमची पहिली पसंती कोएन्झाइम क्यू10 ला: रोज 200 मिग्रॅ, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत, कारण उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. संख्या आणि हालचाल सुधारल्याचे लहान अभ्यास आहेत, मूल होण्याचं प्रमाण वाढल्याचं सिद्ध नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दुसरा पर्याय एल-कार्निटीन 2 ग्रॅम आणि ॲसिटिल-एल-कार्निटीन 1 ग्रॅम, दिवसात दोन-तीनदा विभागून. याने जुलाब होऊ शकतात, घामाला माशासारखा वास येऊ शकतो. फिट येण्याचा आजार किंवा थायरॉइडचं औषध चालू असेल तर आधी विचारा. व्हिटॅमिन डी तपासून कमी असेल तरच भरून काढा.

अश्वगंधेबद्दल बरेच जण विचारतात. 675 मिग्रॅ अर्क 90 दिवस देऊन संख्या बरीच वाढल्याचा 2013 चा अभ्यास आहे, पण त्यात एकूण माणसं 46. यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉइड बिघडल्याच्या नोंदीही आहेत. आम्ही ती सुचवत नाही.

क्यू10 किंवा कार्निटीन सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा. तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय रिपोर्ट करू नका, त्याआधीचा बदल गोळीचा नसतो. तीन महिन्यांनी सुधारणा दिसली तर सहा महिन्यांपर्यंत घ्या, नाही दिसली तर बंद. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. विडी-सिगारेट, तंबाखू, गरम पाण्याच्या टबात बसणं, मांडीवर लॅपटॉप, हे मात्र कशाचीही वाट न पाहता आजच सोडा.

आणि गोळ्यांसाठी उपचार लांबवू नका. बाईचं वय 35 झालं की सहा महिन्यांतच तज्ज्ञांकडे जायला सांगतात, तुम्हाला चौदा महिने झालेत. तुमच्या पहिल्या रिपोर्टवरून पुढे सरकणारे एकूण शुक्राणू सुमारे 40 लाख निघतात. कुठला उपचार करायचा ते डॉक्टर अशाच आकड्यावर ठरवतात, म्हणून दुसरा रिपोर्ट नीट येणं महत्त्वाचं. भेटीला दोघं मिळून जा. तुमचे डबे, रिपोर्ट आणि तापाच्या तारखा सोबत ठेवा.

शेवटचं, तुमच्या कॅप्सूलमधल्या फॉलिक ॲसिडवरून आठवलं. ते तुमच्यापेक्षा तुमच्या पत्नीला हवं: रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने होईपर्यंत. बाळाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे दोष त्याने कमी होतात, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. त्यांनी अजून सुरू केलं नसेल तर डॉक्टरांच्या भेटीची वाट न पाहता सुरू करायला हरकत नाही. फिटचं औषध चालू असेल किंवा आधीच्या गर्भात असा दोष आढळला असेल, तर मात्र मात्रा वेगळी लागते, ती डॉक्टरांकडूनच घ्या.